शनिवारी झिजणारे ब्रेक

१

कृष्णस्वामीनं गाडीचं पुढचं डावं चाक काढून आत डोकावून बघितलं आणि मग पुन्हा एकदा बघितलं. चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपलेला मेकॅनिक दोनदा बघायला लागला की समजावं, प्रकरण साधं नाही.

ब्रेकच्या पॅडवर लायनिंग म्हणून काही उरलंच नव्हतं. मागची नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती आणि त्या चकचकीत डिस्कवर नख अडकेल असे खोल गोल चरे पडले होते. उजवीकडचं चाक काढलं, तिथेही तीच कथा.

"गाडी घेऊन किती दिवस झाले, अय्या?" कृष्णस्वामीनं विचारलं.

"चौदा महिने," रंगराव म्हणाले. "मीटर बघ. पाच हजार किलोमीटर."

"पाच हजारात पॅड संपत नाहीत. तीस हजार तरी जायला हवेत."

रंगरावांचा चेहरा तांबडा झाला. साठ वर्षांचा हा माणूस पापनाशमजवळच्या शेतीवर आणि स्वतःच्या शब्दावर पोसलेला. तंजावरच्या मेल वीथीत जी काही जुनी मराठी घरं उरली होती, त्यांत पहिली नवी गाडी यांच्या दारात आली. पांढरी झेन. चौऱ्याण्णवपर्यंत सगळ्या वीथीला रंगरावांची एकच जुनी अँबॅसॅडर पुरत होती. देशाचे दरवाजे उघडले आणि तीन वर्षांनी रंगरावांच्या मागल्या शेडचाही उघडला.

"म्हणजे कुणीतरी मीटरची केबल काढून माझी गाडी भाड्यानं पळवली," ते म्हणाले. "आणि किल्ली माझ्याशिवाय एकाच माणसाच्या हातात असते."

तो माणूस, ड्रायव्हर मणी, गॅरेजच्या दारात उभा होता. बारा वर्षं या घरची गाडी चालवणारा. गाडी करकरते आहे असं सांगून ती गॅरेजात आणणाराही तोच होता, पण हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

२

रंगरावांनी पोलिसांना बोलावलं नाही. त्यांनी गुरुराजला बोलावलं.

गुरुराज एका विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. अपघातात सापडलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक खरं सांगतोय की थापा मारतोय ते लोखंडाला विचारायचं, असा त्याचा धंदा. वय एक्कावन्न. जन्म याच मेल वीथीतला, पण नवव्या वर्षी वडिलांची बदली झाली आणि पुण्याला गेला. अकराव्या वर्षी आई गेली. आईबरोबर तिची भाषा गेली, कारण वडिलांना पुण्यात आपली तंजावरी मराठी बोलायची लाज वाटे. पुण्यानं गुरुराजची जीभ अशी घासूनपुसून लखलखीत केली की आईचा एक शब्द तिच्यावर उरला नाही.

म्हणून गेल्या वर्षी त्यानं आपणहून इथली बदली मागून घेतली. दर रविवारी तो रंगरावांकडे कॉफीला जाई. कॉफी निमित्त होती. त्याला ऐकायचं होतं. स्वयंपाकघरातून कुणी "असके जेवले का?" असं म्हणालं की तो हातातला पेला खाली ठेवून कान देई. 'असके' म्हणजे सगळे, हे त्याला कळायचं. पण आई ते कसं म्हणायची, ते काही केल्या आठवायचं नाही. आठवत नाही म्हणून तो पुन्हा पुढच्या रविवारी जायचा.

"रविवारपर्यंत बघ," रंगराव म्हणाले. "सोमवारी मी मणीला काढणार. आणि कसाला काढलं ते असक्या वीथीला सांगणार."

त्याचा अर्थ गुरुराजला समजत होता. चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला तंजावरात कुणी सायकलही पुसायला देणार नाही.

मणी शेडच्या पायरीवर बसला होता. गुरुराजनं विचारलं तेव्हा उठून उभा राहिला.

"शनिवारी माझी सुट्टी असते, सार. किल्ली घरात खिळ्याला लावून तिरुवैयारुला सासऱ्याकडे जातो. सासऱ्याची साक्ष कोण मानणार?"

"शनिवारचंच का सांगतोस?"

"शनिवारचंच विचारतायत म्हणून. वडवार कालव्याच्या पुलाजवळ एक शहाळीवाला बसतो. त्यानं अय्यांना सांगितलं, दर शनिवारी दुपारी दोन-अडीचला पांढरी गाडी कालव्याच्या रस्त्यानं जाते. काचेवर ऊन असतं, तोंड दिसत नाही. पण चालवणाऱ्याच्या डोक्यावर पांढरं तुंडू असतं म्हणे." मणीनं खांद्यावरचा पांढरा पंचा हातात घेऊन दाखवला. "हे असं."

"तू नव्हतास?"

"काम गेलं तर जाऊ दे, सार. चोर होऊन जायचं नाही मला."

हे बोलताना त्याचा आवाज चढला नाही. खोटं बोलणाऱ्यांचे आवाज गुरुराजनं पुष्कळ ऐकले होते. हा त्यांतला नव्हता, पण आवाज काही पुराव्यात धरत नाहीत.

३

शुक्रवारी सकाळी गुरुराज गॅरेजात गेला. एक संशय खुद्द कृष्णस्वामीवर घेता येत होता. नवे पॅड काढून स्वतः ठेवून घ्यायचे, कुठले तरी झिजलेले दाखवायचे, असले उद्योग गॅरेजांत चालतात.

त्यानं पॅडची लोखंडी पट्टी डिस्कवर धरून बघितली. पट्टीवरचा एकेक कंगोरा डिस्कच्या एकेका चऱ्यात नेमका बसला. ही जोडी एकमेकांवरच झिजली होती.

"संशय फिटला?" कृष्णस्वामीनं हसत विचारलं.

"तुमच्यावरचा फिटला."

मग त्यानं जे केलं ते रंगरावांनी रागाच्या भरात केलं नव्हतं. खाली उकिडवा बसून त्यानं टायर बघितले. नक्षी जवळपास कोरी होती. कडेला नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, तेदेखील काही ठिकाणी शिल्लक होते.

"कृष्णस्वामी, गाडी तीस हजार पळाली असती तर हे केस राहिले असते?"

मेकॅनिक वाकला. "नाही."

"म्हणजे मीटर खरं बोलतंय. गाडी लांब गेलेलीच नाही. भाड्याचा धंदा नाही, काही नाही. नुसते ब्रेक संपलेत." त्यानं डिस्कवर बोट ठेवलं. चऱ्यांच्या मधल्या जागेत निळसर डाग होते, तवा विसरला की पडतात तसे. "आणि हे?"

"तापून तापून पडलेत. कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवलीय. उचललाच नाही पाय." कृष्णस्वामी चक्रावला होता. "नवशिका असेल. मणीचा पाय मला ठाऊक आहे. अँबॅसॅडरचे ब्रेक त्याच्या हातात तीन-तीन वर्षं टिकायचे."

नवशिका. त्या घरात एक नवशिका होताच. रंगरावांच्या बायकोचा भाचा विघ्नेश, वय तेवीस, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारा, केसांना जेल लावणारा. शनिवारी दुपारी क्लास नसतो, एवढं गुरुराजला माहीत होतं.

४

विघ्नेश मधल्या खोलीत सापडला. प्रश्न ऐकून त्याचे कान लाल झाले.

"मी गाडीला हात लावला नाही, मामा. शप्पथ."

"मग घाबरतोस कशाला?"

"शनिवारी मी इथं नसतो. कुंभकोणमला असतो. म्हणजे तिथं एक... अत्तेला सांगू नका."

कुंभकोणमला कोण असते ते गुरुराजनं विचारलं नाही. बसच्या तिकिटांची एक जुडी पोरानं पाकिटातून काढून दाखवली. ती त्यानं कुठल्या आनंदानं जपून ठेवली होती ते उघड होतं. शनिवार, शनिवार, शनिवार.

हाही गेला. उरलं कोण? रंगराव स्वतः गाडी चालवत नसत. त्यांची बायको चंद्रमती गुडघ्यांनी बेजार. आणि त्यांची थोरली बहीण, सरस्वतीअक्का.

अक्का मागच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. वय सहासष्ट. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, पंचविशीत, तिचा नवरा गेला. कालव्याच्या खात्यात तो इंजिनिअर होता. तेव्हापासून ती या घरात होती. अंगावर फिकट नऊवारी, पदर डोक्यावरून घेतलेला. कान जवळजवळ गेलेले. तिच्याशी बोलायचं म्हणजे शेजारच्या घरात आधी ऐकू जायचं.

"अक्का!" गुरुराज ओरडला. "शनिवारी दुपारी शेडमध्ये कुणी येतं का?"

"दुपारी असके झोपतात रे," ती म्हणाली. "रंगानं तो कूलर आणलाय की नै, तो लागला की लॉरी उभी केल्यासारखं होतं म्हणतात. मला काही ऐकू येत नाही. बरंच आहे."

"गाडी कुणी नेतं का?"

प्रश्न तिला अर्धाच पोचला असावा. 'गाडी' हा शब्द ऐकून तिचा हात तांदळात थांबला आणि चेहऱ्यावर असं काही उजळलं की गुरुराज बघतच राहिला.

"त्यांनीच मला सोडायला शिकवलं," ती म्हणाली. नवऱ्याला ती 'ते' म्हणायची. "पहिल्यांदा भय वाटलं. हातपाय कापत होते. ते म्हणाले, मी बाजूला आहे, तू सोड. मग सवय झाली. ते गेल्यावर असकं बंद. आता पुन्हा सोडते, थोडं थोडं. बरं वाटतं जीवाला."

तरुणपणी गेलेला नवरा, आणि जाता जाता बायकोला मोह सोडायला शिकवून गेलेला. तो गाडीचं विचारायला आला होता आणि ही बाई त्याला वैराग्य सांगत होती. त्यानं वहीत गाडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. 'त्यांनीच मला सोडायला शिकवलं,' एवढंच लिहिलं आणि खाली रेघ मारली.

५

रविवार उजाडला तरी मणीच्या सुटकेपुरतं काही हाती आलं नव्हतं. टायरचं सांगितल्यावर रंगराव म्हणाले, "भाड्यानं नसेल नेली, मजेसाठी नेली असेल. डोक्यावरचं तुंडू कुणाचं? माझं?"

चंद्रमतीनं कॉफी आणून ठेवली. ती नवऱ्याइतकी तापट नव्हती, पण तिला एक गोष्ट बोलायची होती.

"शनिवारी संध्याकाळी शेडकडून जळका वास येतो," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन-तीनदा आला. मला वाटलं, मागच्यांनी कचरा जाळला. आणि गुरुराजा, तू विघ्नेशला विचारलास म्हणे. अरे, त्याला कार सोडायला कुठं येते? स्कूटर पण सोडायला येत नाही."

गुरुराजनं पेला ओठांपासून दूर केला.

"काय येत नाही?"

"स्कूटर सोडायला. सैकल सोडतो तेवढीच."

"सोडतो म्हणजे?"

चंद्रमतीला हा प्रश्नच समजेना. "सोडतो म्हणजे सोडतो. तमिळमध्ये 'विडु' म्हणतात की नै, सैकल विडु, तसं. पुण्याला काय म्हणतात?"

"चालवतो," गुरुराज म्हणाला. "पुण्याला चालवतो म्हणतात."

"आमच्या घरात सोडतात. तुझी अम्मा पण तेच म्हणत होती. ह्याच वीथीत तू सैकल सोडत होतास आणि ती मागून पळत होती."

आणि बेचाळीस वर्षांनी त्याला ऐकू आलं. मागून पळणारी आई, दम लागलेला, चप्पल एका पायातून सुटलेली. "भय नको रे गुरू, सोड! मी आहे, सोड!" तो तिचाच आवाज होता. तेव्हा तिनं हँडल सोड म्हटलं नव्हतं. चालव म्हटलं होतं. रविवारांमागून रविवार ज्याच्यासाठी काढले तो शब्द समोर आला होता, आणि दोन दिवसांपूर्वी तो कानावर पडला असताना आपण त्याचं कीर्तन करून बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं.

*त्यांनीच मला सोडायला शिकवलं. आता पुन्हा सोडते, थोडं थोडं.*

त्यानं पेला खाली ठेवला.

६

आता सगळं जागच्या जागी बसत होतं. पांढरं तुंडू हा पंचा नव्हता, डोक्यावरून घेतलेला फिकट पदर होता. लोखंडावर लोखंड घासताना सगळी वीथी ऐकेल असा आवाज होतो, पण चालवणाऱ्याला तो ऐकूच येत नसेल तर गाडी थांबवणार कशाला? आणि ब्रेकवरचा पाय. तो नवशिक्याचा नव्हता. फार जुन्या काळी, फार जुन्या गाडीवर शिकलेल्याचा होता.

पण गुरुराज ओसरीच्या दारातच थबकला. खरं सांगितलं तर मणी सुटतो. आणि अक्काची गाडी जाते. सहासष्ट वर्षांच्या विधवा बहिणीला रंगराव पुन्हा किल्ली दिसूसुद्धा देणार नाहीत. आधी तिच्याशी एकटीशी बोलायला हवं होतं, आणि नेमकं तेच अशक्य होतं. हळू बोललं तर तिला ऐकू येईना, मोठ्यानं बोललं तर घराला कळेल. लिहून द्यावं तर तिला देवनागरी वाचता येत नव्हतं, आणि गुरुराज तमिळ अक्षरं कधीच विसरून गेला होता.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. काही न बोलता त्यानं दोन्ही हात पुढे धरले, गोल चाक धरावं तसे. मग उजवं पाऊल फरशीवर दाबलं आणि दाबूनच ठेवलं.

अक्का त्या पावलाकडे बघत राहिली. मांडीवरचं तांदळाचं सूप बाजूला झालं.

"तुला कसं कळलं?" तिनं विचारलं.

त्यानं बोटं एकमेकांवर घासून दाखवली. झिजलं. मग बाहेरच्या पायरीकडे बोट केलं. तिथं मणी शेवटचं उत्तर ऐकायला येऊन बसला होता. त्याच्यावर आळ आलाय हे या घरात अक्काला कुणी ओरडून सांगितलंच नव्हतं. गुरुराजनं मनगटावर मनगट ठेवून बेडीची खूण केली.

अक्का भिंतीला धरून उठली.

७

ती सरळ बाहेर गेली आणि रंगरावांसमोर उभी राहिली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं बोलली.

"रंगा, गाडी मी सोडते. शनिवारी. मणीचं काही नाही."

चंद्रमतीचा हात तोंडावर गेला. मणी पायरीवरून उठला तो तसाच राहिला.

"कुठं जातेस?" रंगरावांनी विचारलं. मग लक्षात येऊन ओरडले, "कुठं जातेस, अक्का?"

"कालव्याच्या कडेनं. दुसऱ्या मोरीपर्यंत. तिथून परत. ते तिथंच शिकवत होते मला. किल्ली तू घेतली होतीस, आठवतं? तेराव्याच्या दिवशी. आपल्या अप्पांनी तुला पाठवलं. तू एकोणीस वर्षांचा होतास, रडत होतास. मी दिली. मग गाडी विकली. एक्केचाळीस वर्षं मला कुणी विचारलं नाही, तुला सोडायला येतं का म्हणून."

रंगराव खुर्चीत बसले. त्यांच्याकडे बघवेना.

मणी आधी बोलला. बारा वर्षांच्या नोकरीचा नि चार दिवसांच्या अपमानाचा हिशेब मागण्याचा हक्क त्याला होता, पण तो अक्कासमोर येऊन तमिळमध्ये ओरडला, "अम्मा, ब्रेकवर पाय ठेवू नका! लागेल तेव्हाच दाबायचा! मी शिकवतो, महिन्यात येईल!"

अक्कानं मान हलवली. नाही.

"त्यांची ऑस्टिन जुनी होती, मणी. ब्रेक धरता धरत नव्हते. ते म्हणाले, बंधाऱ्यावर पाय कधी काढू नको, ठेवूनच सोड. त्यांचा पाय पण तसाच असायचा." तिचा आवाज प्रथमच खाली आला. "त्यांचा एक फोटो होता, तो पाण्यात गेला. आवाज तर मला कुणाचाच ऐकू येत नाही. आता हे एवढंच राहिलंय, पायात. नीट शिकले की ते पण जाईल."

गुरुराज खांबाला टेकून उभा होता. या बाईला काय सांगायचं? डिस्क तापते, ब्रेक ऐन वेळी दगा देतील, हे सगळं त्याच्या जिभेवर होतं आणि सगळं खरं होतं. पण आईचा आवाज बेचाळीस वर्षांनी ज्याला अर्ध्या तासापूर्वी मिळाला होता, तो माणूस हे कुठल्या तोंडानं सांगणार?

रंगरावांनी डोळे पुसले. मणीकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि ते जोडताना वर बघायचं त्यांना धैर्य झालं नाही. मग गुरुराजला विचारलं, "अशा पायाला पॅड किती दिवस टिकतात?"

"वर्षभर. हळू गेलं आणि दर महिन्याला तपासलं तर."

"मणी मागं बसेल. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. आणि महिन्याला गाडी कृष्णस्वामीकडे. त्याला सांग, डिस्क नव्या घाल आणि पॅडचे दोन जोड मागव. एक आत्ता लागेल, एक पुढच्या वर्षी."

"काय म्हणतो रे रंगा?" अक्कानं विचारलं.

गुरुराज सांगायला पुढे झाला, पण रंगरावांनी त्याला हातानं थांबवलं. ते उठून बहिणीच्या अगदी जवळ गेले आणि आयुष्यात कधी ओरडले नसतील इतक्या मोठ्यानं ओरडले.

"सोड म्हणतो, अक्का! गाडी सोड!"

समोरच्या दोन घरांतली माणसं दारात आली.